आबांनी सही केली, आता भट्टीला कोण सांगणार?

पत्र:

नमस्कार. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमची फौंड्री आहे, लोखंडाच्या ओतकामाची. आजोबांनी उद्यमनगरात सुरू केली, आबांनी शिरोलीला वाढवली. मी मेकॅनिकल करून सहा वर्षं पुण्यात नोकरी केली, दीड वर्षापूर्वी परत आले. महिन्याला २५० टनांच्या आसपास चांगलं कास्टिंग (ओतीव माल) जातं, लाइट बिल सव्वातीन लाख युनिटचं येतं. मागच्या दिवाळीआधी आमच्या सगळ्यात मोठ्या कस्टमरनं पुरवठादारांचा मेळावा घेतला. तिथं आबांनी '२०४० पर्यंत नेट झीरो', म्हणजे निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्य, अशा कागदावर सही केली, स्टेजवर फोटो निघाला. आता कस्टमरकडून एक्सेलची शीट आलीय: स्कोप १, स्कोप २, स्कोप ३, बेस इयर (ज्याच्याशी तुलना करायची ते वर्ष), २०३० चं टार्गेट. आबा म्हणतात, माळावर दोन एकर पडीक आहे, झाडं लावून टाकू. कन्सल्टंट म्हणतात, सोलर टाका, विषय संपला. आमचे फोरमन मामा २७ वर्षं इथं आहेत, ते तर माझं पुरतं ऐकूनही घेत नाहीत. हे सगळं दाखवण्यापुरतंच असतं का? खरंच काही करायचं तर सुरुवात कुठून करू? शीट महिनाअखेर पाठवायची आहे.
— फौंड्रीवाल्याची लेक, शिरोली

उत्तर:

करता येतं. पण आधी मला एक सांगा, तुमच्या भट्टीचं झाकण सध्या कुठं आहे?

थट्टा करत नाही. एनर्जी ऑडिटच्या कामात माझी बरीच वर्षं फौंड्र्यांमध्ये गेली. एका ठिकाणी मालकांनी ऑफिसात बसवून वृक्षारोपणाचे फोटो दाखवले, मग आत नेलं. ५०० किलोची विजेवरची इंडक्शन भट्टी, तोंड उघडं, लोखंडाचा रस १,४५० अंशांवर तयार, आणि मोल्डिंगवाले अजून साचे जुळवतायत. झाकणाची चौकशी केली तर मेल्टरनं मानेनंच दाखवलं. भिंतीकडेला विटांवर आडवं टाकलेलं, त्यावर चहाची किटली, दोन पेले आणि तंबाखूची पुडी. झाकण उचलणाऱ्या सिलिंडरचं सील केव्हातरी गेलं होतं, कुणी बदललं नव्हतं. 'आणि झाकण लावलं तर सळई कुठनं घालू, साहेब?' हा त्याचा प्रश्नही रास्त होता.

दीड फुटाचं ते उघडं तोंड नुसत्या किरणांवाटे ढोबळमानानं ३० किलोवॅट उष्णता शेडमध्ये फेकत असतं. रस दिवसाला चार तास असा उघडा राहिला, तर ३०० दिवसांत ३६,००० युनिट छपराकडं गेले. आपल्या भागात एक किलोवॅट सोलर वर्षाला १,४०० युनिटच्या आसपास देतं. म्हणजे त्या किटलीखाली २५ किलोवॅटचं सोलर पडून होतं. नेट झीरो व्यवहारात आणणं म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं की मला ती किटली आठवते.

आता तुमचा हिशेब मांडू. तुम्ही आकडे दिलेत म्हणून बरं, नाहीतर बहुतेक पत्रांत नुसती तळमळ असते.

सव्वातीन लाख युनिट महिन्याला, म्हणजे वर्षाला ३९ लाख. आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो (पुढं नुसतं 'कार्बन' म्हणेन तो हाच). केंद्रीय विद्युत प्राधिकरण हा आकडा दरवर्षी जाहीर करतं, शीटमध्ये त्या वर्षाचा नेमका आकडा घाला. ढोबळ हिशेब २,७३० टन. हा झाला तुमचा स्कोप २, विकत घेतलेल्या विजेचा. स्कोप १ म्हणजे तुमच्या आवारात प्रत्यक्ष जे जळतं ते: जनरेटर, लेडल (रस न्यायचं भांडं) तापवायचा बर्नर, तुमच्या नावावरचा टेंपो. डिझेलच्या लिटरला २.६८ किलो धरा. महिन्याला हजार लिटर लागत असेल तरी वर्षाचे ३२ टन होतात. क्युपोला, म्हणजे कोकवरची भट्टी, असता तर कोकमुळे हा आकडा फुगला असता, पण तुमच्या बिलावरून तुम्ही पूर्ण इंडक्शनवर दिसता. स्कोप ३ म्हणजे तुमच्या गेटाबाहेर, तुमच्या आधी आणि तुमच्या नंतर. त्यात तुमच्यासाठी एकच गोष्ट खरी मोठी आहे, पिग आयर्न, म्हणजे खनिजापासून काढलेलं कच्चं लोखंड. ब्लास्ट फर्नेसमधून आलेल्या एक टन पिगमागे दीड ते दोन टन कार्बन असतो. महिन्याला ६० टन पिग घेत असाल तर वर्षाला हजार-चौदाशे टन तिथंच झाले. कर्मचाऱ्यांच्या मोटारसायकली आणि ऑफिसातला कागद मोजण्यात पहिल्या वर्षी वेळ घालवू नका. कन्सल्टंट लोकांना तो भाग फार आवडतो, कारण त्यात भट्टीजवळ उभं राहावं लागत नाही.

आबांच्या झाडांकडं येऊ. चांगलं वाढलेलं झाड वर्षाला फार तर वीस-बावीस किलो कार्बन ओढतं. तुमच्या नुसत्या विजेला पुरायला सव्वा लाख झाडं लागतील, तीही वाढलेली, आणि कायम उभी राहणारी. दोन एकरांत ती उभी करायची तर एकमेकांच्या डोक्यावर करावी लागतील. झाडं जरूर लावा. करंज लावा, कडुनिंब लावा, दुपारी डबा खायला सावली होईल. शीटमध्ये मात्र त्यांना वजाबाकीत धरू नका. नेट झीरोचा जगभर जो अर्थ धरला जातो, त्यात आधी स्वतःचं उत्सर्जन जवळपास संपवायचं असतं. कंपन्यांची कपातीची लक्ष्यं तपासणाऱ्या सायन्स बेस्ड टार्गेट्स इनिशिएटिव्हनं ऑक्टोबर २०२१ मध्ये कंपन्यांसाठी जे मानक आणलं, त्यात सर्वसाधारणपणे ९० टक्क्यांच्या आसपास कपात स्वतः करायची आणि उरलेल्या थोड्याशासाठीच हवेतून कार्बन कायमचा काढून घेण्याचा उपाय, अशी मांडणी आहे. लोक उलटं करतात. आधी कार्बन क्रेडिट, म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या कपातीचं प्रमाणपत्र, विकत घेतात, मग भट्टी होती तशीच.

कन्सल्टंटांचं सोलरही तपासून बघू. शेडवर २०० किलोवॅट बसवलं, असं धरा. त्याला वीस हजार चौरस फुटांच्या आसपास जागा लागेल. वर्षाला २ लाख ८० हजार युनिट मिळतील, म्हणजे तुमच्या गरजेच्या ७ टक्के. बसवाच, पैसे सुटतात. पण 'विषय संपला' म्हणणाऱ्याला उरलेल्या ९३ टक्क्यांचं विचारा. शिवाय तुमचं छप्पर सिमेंटच्या पत्र्याचं आणि कैच्या आजोबांच्या हातच्या असतील, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर चढवा. फौंड्रीच्या छपरावर काळी धूळ किती बसते हे तुम्हाला मी सांगायला नको. पॅनेल धुवायचं काम कुणाकडं, पाणी कुठलं, हे कोटेशनमध्ये लिहून घ्या.

माझं म्हणणं असं, की तुमच्या प्रतिज्ञेचा पहिला टप्पा रिजेक्शनच्या, म्हणजे खराब निघालेल्या मालाच्या, रजिस्टरमध्ये आहे. हे ऐकायला फार साधं वाटतं, म्हणून कुणी स्टेजवर सांगत नाही.

समजा तुमचं रिजेक्शन ७ टक्के आहे. २५० टन विकायला तुम्ही साधारण २६९ टन ओतता, आणि रनर-रायझर (साच्यात रस नेणाऱ्या वाटांत राहणारं लोखंड) धरून ४१५ टनांच्या आसपास लोखंड वितळवता. रिजेक्शन ४ टक्क्यांवर आणलं तर तोच माल द्यायला महिन्याला १३ टन लोखंड कमी वितळवावं लागेल. टनाला ६२० युनिट धरले तर महिन्याला आठ हजार युनिट फक्त भट्टीचे वाचले. वाळू, कोअर, फेटलिंग, मशीनिंग या बाकीच्या कामांची वीज वेगळी. वर्षाला हे ७० किलोवॅट सोलरच्या तोडीचं होतं, आणि सोलरला साच्याच्या वाळूतला ओलावा मोजावा लागत नाही, इथं लागतो, एवढाच फरक. ब्लो होल (आत अडकलेल्या वायूचं भोक) आलेलं कास्टिंग पुन्हा भट्टीत जातं तेव्हा आपण म्हणतो, 'काय नाही, वितळून परत वापरू.' धातू परत येतो. ते युनिट येत नाहीत.

त्याच्या जोडीला रनर-रायझर. बऱ्याच जुन्या पॅटर्नचं (साच्याच्या नमुन्याचं) गेटिंग, म्हणजे रस जायच्या वाटांची आखणी, कुणी काकांनी अंदाजानं काढलेलं असतं, आणि त्या काळी ते बरोबरही होतं. आज सिम्युलेशन करून मिळतं. सगळे पॅटर्न नकोत, टनेजनं वरचे पाच घ्या. मग भट्टी. टॅपिंगला (रस बाहेर काढायला) १,४५० पुरत असताना १,५०० पर्यंत नेणं, साच्यांची वाट बघत रस धरून ठेवणं, अर्धी भरलेली हीट (भट्टीचा एक घाणा) काढणं, सुट्टीनंतरच्या पहिल्या हीटला थंड अस्तर तापवण्यात जाणारी वीज. मग हवा. एअर लाइनला ३ मिलिमीटरचं एक भोक ३ किलोवॅटच्या आसपास खातं. दोन पाळ्या धरून वर्षाला १४,००० युनिट झाले. जेवणाच्या सुट्टीत कॉम्प्रेसर चालू ठेवून शेडमध्ये एक फेरी मारा, कान असला की यंत्र लागत नाही.

या कामांना लागणाऱ्या पैशांसाठी आबांना एक सांगा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोनं जुलै २०२५ मध्ये लहान-मध्यम उद्योगांसाठी 'अदिती' नावाची योजना आणली. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना कर्जाच्या व्याजात ५ टक्के आणि मध्यम उद्योगांना ३ टक्के सवलत आहे, आणि निवडलेल्या क्षेत्रांत फौंड्री आहे. बँकेत जायच्या आधी त्यांच्या यादीतल्या ऑडिटरकडून ऑडिट करून घ्या. स्मॅकच्या, म्हणजे शिरोलीतल्या कारखानदारांच्या संघटनेच्या, ऑफिसात चौकशी केलीत तर आधी कुणी केलंय तेही कळेल.

एवढं सगळं नीट केलं तरी, माझा अनुभव सांगतो, दोन-तीन वर्षांत टनामागची वीज १५ ते २० टक्क्यांनी उतरते. त्यापुढं वीजच बदलावी लागते. तुमच्या आकाराच्या कारखान्याला बाहेरच्या सोलर-पवन प्रकल्पातून ओपन अ‍ॅक्सेसनं वीज घेता येते. २०२२ च्या केंद्रीय नियमांनी हरित विजेसाठी १ मेगावॅटची अट १०० किलोवॅटवर आणली. ग्रुप कॅप्टिव्ह, म्हणजे अनेकांचा मिळून स्वतःच्या वापराचा प्रकल्प, केलं तर वापरणाऱ्यांनी मिळून त्याचं किमान २६ टक्के भांडवल धरायचं आणि त्यातली किमान ५१ टक्के वीज स्वतः वापरायची. चार-पाच फौंड्र्यांनी एकत्र येऊन हे करण्यासारखं आहे. आपल्याकडं सहकार काही नवा नाही, दूध आणि ऊस जमला तर वीज का जमू नये? करार करताना मात्र दोन गोष्टी बघा. एक, व्हीलिंग (दुसऱ्याच्या तारांवरून वीज आणायचं भाडं) आणि बाकीचे आकार वाढले तर फटका कुणाला. दुसरी, त्या विजेचं हरित प्रमाणपत्र कुणाकडं राहणार. प्रकल्पवाल्यानं ते वेगळं विकलं असेल तर ती वीज स्वस्त असेल, पण तुमच्या शीटमध्ये 'हरित' म्हणून लिहिता येणार नाही. एकाच युनिटचं पुण्य दोघांना मिळत नाही.

आणि रात्रीच्या मेल्टिंगचा फेरविचार करा. रात्री वीज स्वस्त म्हणून भट्टी रात्री, ही सवय आपल्या हाडात मुरली आहे. २०२३ मध्ये केंद्रानं नियम बदलले, आता सूर्याच्या तासांत दर कमी आणि गर्दीच्या वेळी जास्त, अशी दिशा आहे. बिलामागचा टीओडीचा, म्हणजे वेळेनुसार दरांचा, तक्ता या महिन्यात नीट वाचा. पाळी बदलायची तर कामगारांशी आधी बोला, उन्हाळ्यात दुपारी भट्टीजवळ उभं राहणं काय असतं ते आपण एसीत बसून ठरवू नये.

आता टार्गेट. कस्टमरच्या शीटमध्ये दोन आकडे द्या, एकूण टन आणि टनामागे किलो. फक्त टनामागचा दिलात तर स्वतःलाच फसवाल. उद्या ऑर्डर दुप्पट झाली आणि टनामागचं उत्सर्जन ३० टक्क्यांनी उतरलं, तरी एकूण ४० टक्क्यांनी वाढलेलं असेल. फक्त एकूण दिलात तर मंदीच्या वर्षी काही न करता शाबासकी मिळेल. बेस इयर असं घ्या, ज्यात कारखाना नेहमीसारखा चालला होता. आणि २०४० कडं फार बघू नका. त्या साली आबा ऐंशीच्या घरात असतील आणि त्या शीटवरचा परचेस मॅनेजर तिसऱ्या कंपनीत असेल. २०३० चा आकडा मात्र तुमच्याच सहीनं जाणार आहे, तो असा द्या की प्रत्येक टन कपातीपुढं कामाचं नाव, माणसाचं नाव आणि महिना लिहिता येईल.

कस्टमरबद्दल एक बोलायचं राहिलं, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ते तुमच्यामागं का लागलेत? सेबीनं २०२२-२३ पासून बाजारमूल्यानं वरच्या हजार लिस्टेड कंपन्यांना पर्यावरण आणि जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला, आणि २०२३ मध्ये त्याची पोच पुरवठा साखळीपर्यंत नेली; साखळीचा भाग २०२५ मध्ये ऐच्छिक केला, पण विचारणा थांबलेली नाही. युरोपनं लोखंड-पोलादाच्या ठराविक वस्तूंवर १ जानेवारी २०२६ पासून कार्बनचा आकार प्रत्यक्ष सुरू केला; तुमचं काही थेट निर्यात होत असेल तर तुमचा एचएस कोड (मालाचा वर्गीकरण क्रमांक) त्या यादीत आहे का, हे सीएंकडून बघून घ्या, कास्टिंग म्हटलं की सगळं त्यात येतं असं नाही. थोडक्यात, तुमचा स्कोप १ आणि २ त्यांच्या स्कोप ३ मध्ये येतो. त्यांना तुमचा आकडा हवा आहे. मग टेबलाच्या तुमच्या बाजूलाही थोडं वजन आहे.

ते वापरा. शनिवारी संध्याकाळी फोन येतो, 'सोमवारी माल पाहिजे, लाइन थांबंल.' मग रविवारी भट्टी पेटते, अर्धी हीट निघते, पाऊण रिकामा ट्रक पुण्याला जातो. तो कार्बन कुणाचा? शीटसोबत एक पानाचं पत्र जोडा. शेड्यूल चार आठवडे आधी पक्कं मिळालं तर आमची किती वीज वाचते, अमुक पार्टवर दोन मिलिमीटर जादा मशीनिंग अलाउन्स (नंतर कातून काढायची जाडी) का आहे, केमिस्ट्रीत बसत असेल तर पिग कमी करून स्क्रॅप वाढवायला तुमचं क्वालिटी खातं मान्यता देईल का, नव्या गेटिंगच्या ट्रायलचा खर्च कोण उचलणार. चारातल्या दोन गोष्टींना ते हो म्हणतील. शपथ स्टेजवर दोघांनी घेतली होती, फोटोत तेही आहेत.

हो, आणि गेटवर 'नेट झीरो फौंड्री' असा बोर्ड लावायचं कुणी सुचवलं तर थांबवा. ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२४ मध्ये हरित दाव्यांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. भविष्यातल्या दाव्यामागंही स्पष्ट, करता येण्याजोगी योजना लागते. आबांना हे असं सांगा, की शब्द मागं घ्यायचा नाही, शब्दाला पुरवणी जोडायची. त्यांच्या पिढीला तोंडचा शब्द कळतो. ते ऐकतील असं मला वाटतं.

राहिले मामा. त्यांच्यासमोर कार्बन हा शब्द काढूच नका; फौंड्रीत कार्बन म्हणजे रस तपासणाऱ्या सीई मीटरवर दिसतो तो, आणि त्यातलं त्यांना तुमच्याहून जास्त कळतं. भट्टीच्या पॅनेलला स्वतंत्र युनिट मीटर असतो, तो चालू आहे का बघा. चार्जचं वजन करायला काटा आहे का बघा. मग भट्टीशेजारी एक काळा फळा टांगा, त्यावर दर हीटला तीन रकाने: टन, युनिट, टनाला युनिट. लिहायचं काम मामांचं. दोन आठवडे कुणीही काहीही बोलायचं नाही, तुम्ही तर अजिबात नाही. एका हीटला ५९० आणि दुसऱ्या हीटला ६८० का, हे तिसऱ्या आठवड्यात ते स्वतःच मेल्टरला विचारायला लागतील. मी हे तीन ठिकाणी करून पाहिलंय. दोन ठिकाणी जमलं. तिसऱ्या ठिकाणी मालकानं दुसऱ्याच दिवशी फळ्यावरून पगार कापला, आणि नंतर सगळ्या हीट ६०० च्या निघायला लागल्या, एकही इकडं-तिकडं नाही. तिथला फळा काढायलाही मलाच सांगावं लागलं.

महिनाअखेरच्या शीटबद्दल. स्कोप २ बिलांवरून आज दुपारीच होईल. स्कोप १ डिझेल आणि गॅसच्या पावत्यांवरून दोन दिवसांत. स्कोप ३ मध्ये फक्त पिग, स्क्रॅप आणि वाहतूक धरा, शेजारच्या शेऱ्यात 'अंदाज' असं लिहा आणि अंदाज कसा काढला ते एका ओळीत द्या. जे मोजलं नाही तो रकाना रिकामा ठेवा आणि तसं सांगा. तिथं शून्य लिहू नका.